भाव न करणारे गिऱ्हाईक

बँकेच्या नोकरीत मी जी कामे केली त्यांतले सर्वांत नावडते काम म्हणजे तारण सोन्याचा लिलाव. दागिने सोडवायला माणूस येत नाही, नोटिसा जातात, रजिस्टर्ड पाकिटे ‘पत्ता सोडून गेला’ असा शेरा घेऊन परत येतात आणि शेवटी एका दुपारी शाखेच्या मागच्या खोलीत टेबलावर कुणाच्या पाटल्या, कुणाची मोहनमाळ, एखाद्या तान्ह्या मुलाची साखळी मांडावी लागते. त्या दागिन्यांकडे पाहवत नसे. काम मात्र चोख असे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, बँकेच्या यादीवरच्या सोनाराकडून वजन आणि कस, बोली लावणाऱ्या प्रत्येकाकडून आधी बयाणा, आणि ‘एकवार, दोनवार, तीनवार’ होऊन गेल्यावरही पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत दागिन्याची पुडी तिजोरीतच. गिऱ्हाईक गावातला मोठा सराफ असला आणि रोज आमच्याबरोबर चहा पीत असला, तरी हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

हे सगळे सांगायचे कारण असे, की तीसेक वर्षे हा नियम पाळलेल्या माणसाने, म्हणजे मी, २०२२ च्या ऑक्टोबरात नागावच्या घरी बसून आपल्या डोळ्यांदेखत वहिनींना फसू दिले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत काय झाले ते इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्या घराची कौले उडाली आणि अर्धी वाडी आडवी झाली. नारळ-सुपारीचे झाड पडले की एका वर्षाचे उत्पन्न जात नाही. नवे रोप लावून त्याला फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षांचे जाते. दादा आधीच गेलेले. वहिनींनी छपरासाठी कर्ज काढले आणि दोन वर्षे ते फेडीत राहिल्या. शेवटचे काही हप्ते राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता हा झोपाळा तरी कशाला हवा? बसायला माणसं कुठं आहेत?”

झोपाळा शिसवी पाटाचा. चार पितळी कड्या, त्यांवर हत्ती आणि मोर. भंगारवाल्याने पितळेच्या वजनाचा भाव सांगितला तो ऐकून वहिनींनी त्याला चहाही विचारला नाही. मग पुण्याच्या पुतण्याने फोटो काढून जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली. किंमत अडतीस हजार. तासाभरात वहिनींचा फोन वाजला.

पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. आपण लष्करात आहोत, पुण्याला बदली झाली आहे, पत्नीला झोपाळा फार आवडला. भाव कमी करा असे त्याने एकदाही म्हटले नाही. ओळखपत्राचा फोटो आला, गणवेशातला फोटो आला. स्वतः येणे ड्यूटीमुळे जमणार नव्हते, पण उद्या गाडी येऊन झोपाळा घेऊन जाणार होती. पैसे मात्र ‘लष्कराच्या पद्धतीने’ येणार होते. त्याने एक क्यूआर कोड पाठवला. माताजी, आधी पाच रुपयांचे करून बघा. वहिनींनी पाच रुपये पाठवले आणि खरोखरच दहा परत आले.

मी त्याच झोपाळ्यावर पेपर वाचत बसलो होतो. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. “भावजी, तुम्ही बँकेतले. बघा बरं, हे ठीक आहे ना?”

मी चष्मा वर करून ओळखपत्र पाहिले आणि म्हणालो, “सैन्यातला माणूस दिसतोय. काय हरकत आहे?”

मग एकोणीस हजारांचा कोड आला. पिन टाकला की दुप्पट होऊन अडतीस हजार जमा होतील असे त्याने सांगितले होते. एकोणीस हजार गेले, आले काहीच नाही. लगेच फोन. माताजी, सिस्टिममध्ये अडकले, आणखी एकदा करा म्हणजे दोन्ही मिळून येतील. वहिनींनी पुन्हा केले. झोपाळ्याची जेवढी किंमत आम्ही मागितली होती, बरोबर तेवढीच रक्कम आमच्या घरातून गेली. झोपाळा जागेवर, आणि मी झोपाळ्यावर.

पण माझी खरी चूक याच्या पुढची आहे. वहिनी रडवेल्या झाल्या तेव्हा मी म्हणालो, “कुणाला बोलू नका. मी बघतो.” तो शनिवार होता. माझ्या मनात एकच विचार होता, की निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या घरात हे झाले हे कळले तर लोक काय म्हणतील. रविवार तसाच गेला. सोमवारी शाखेत गेलो. तिथल्या तरुण मॅनेजरबाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “सर, शनिवारीच १९३० वर फोन करायला हवा होता.” त्यांच्या तोंडचा तो ‘सर’ मला अजून टोचतो. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी कादंबऱ्यांत अनेक पात्रांच्या तोंडी घातली होती. त्या दिवशी तिचा अर्थ कळला.

त्यानंतर मी या प्रकाराचा बराच विचार केला आणि एक गोष्ट लक्षात आली. घेणाऱ्याने सावध असावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. माशाचा कल्ला उचलून लाल आहे का बघावा, आंब्याच्या पेटीचा खालचा थर उघडून पाहावा, कापड धुऊन आटते का ते विचारावे. विकणाऱ्याने सावध असावे, हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. वस्तू आपल्या हातात आहे, पैसे आपल्याकडे यायचे आहेत, मग धोका कसला, असे आपण धरून चालतो. त्यात आपल्याकडची जुनी वस्तू विकणारा माणूस बहुधा अडचणीत असतो, आणि घरातली चीज विकावी लागते याची त्याला थोडी लाजही असते. अशा वेळी कुणी भाव न पाडता, आपल्या वस्तूचे कौतुक करीत ती घेतो म्हणाला, तर त्याच्यावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

अलिबागच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो. तिथे लिहून-बिहून काही नसते. आरडाओरडा असतो, शिव्याही असतात. पण बोली लावणाऱ्या बाईला उद्या पुन्हा त्याच किनाऱ्यावर तोंड दाखवायचे असते आणि त्यामुळे व्यवहार सरळ होतो. बँकेच्या लिलावात हे काम बयाणा करी. संगणकावरच्या बाजारात तोंड दिसत नाही आणि बयाणाही नसतो, तेव्हा मधला कुणी तरी विश्वासाचा लागतो.

सुरुवातीला तो होता. आपल्या देशात संगणकावरचा लिलाव घरोघरी माहीत झाला तो २००० साली मुंबईत निघालेल्या बाझी डॉट कॉममुळे. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबे कंपनीने ती सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतली. ईबेच्या भारतातल्या व्यवस्थेत खरेदीदाराचे पैसे मध्ये थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. ते दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. आता सामान्य कुटुंब जुनी वस्तू विकते ते बहुतेक फोन नंबरांसकट छापलेल्या जाहिरातीवरून. पैसे कसे द्यायचे ते दोघांनी ठरवायचे. म्हणजे लिलाव राहिला, पण मधला माणूस उठून गेला, आणि त्याच्या खुर्चीवर भामटा येऊन बसला.

त्याचे सोंग ठरलेले असते. लष्कराचा गणवेश त्याला फार आवडतो, कारण त्या गणवेशाला आपण प्रश्न विचारीत नाही. आणि या जाळ्यात अडाणीच सापडतात असे मुळीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कन्येने जुना सोफा विकायला काढला, तेव्हा अशाच क्यूआर कोडने तिचे चौतीस हजार रुपये गेले. ही बातमी मी त्या वेळी वाचली होती. वाचून हसलोही होतो.

या एका युक्तीवर एकच उत्तर आहे आणि ते घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे. पैसे येताना आपल्याला काहीही करावे लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. कोड स्कॅन करायचा तोही पैसे देण्यासाठी. आपल्या खात्यावर कुणी चेक भरला तर आपण सही करतो का? मग पैसे घेताना पिन कशाला? पूर्वी समोरचा माणूस ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवी आणि आपण ती ‘पैसे आले’ समजून मंजूर करीत असू. व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची यूपीआयमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे चांगले झाले. पण कोड आहेत, आणि माणसेही तीच आहेत.

दुसरी युक्ती ‘जास्त गेले’ची. पंधराशे यायचे असतात, पंधरा हजार जमा झाल्याचा संदेश येतो, पाठोपाठ रडका फोन : चुकून शून्य जास्त पडले, मुलगा इस्पितळात आहे, बाकीचे परत पाठवा. संदेश बँकेचा नसतोच, त्यानेच तसा लिहून पाठवलेला असतो. ‘पैसे पाठवले’ असे दाखवणारे चित्रही बनवता येते. आमच्या काळी बनावट ड्राफ्ट येत. छपाई इतकी हुबेहूब, की शाखेतले अनुभवी लोक फसत. म्हणून नियम जुनाच आहे : कागद बघू नये, खाते बघावे. संदेश, चित्र, पलीकडच्याची शपथ, यांतले काही पैसे नव्हेत. आपण स्वतः आपल्या बँकेचे ॲप उघडून किंवा शाखेत जाऊन शिल्लक वाढलेली पाहिली, तरच पैसे आले.

तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत आहे आणि तो जास्त वाईट आहे. यात पैसे खरोखर येतात, पण ते दुसऱ्याचे असतात. नाशकातल्या कुणा म्हातारबाबांना फसवून मिळवलेली रक्कम थेट तुमच्या खात्यात येते आणि भामटा तुमची सोन्याची साखळी किंवा नवा मोबाइल घेऊन जातो. पुढे म्हातारबाबा तक्रार करतात, पोलीस पैशांचा माग काढीत तुमच्यापर्यंत येतात आणि तुमचे खाते गोठते. तुम्ही गुन्हा केलेला नसतो, पण पेन्शन अडकते. म्हणून पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचे नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव एकच आहे का, हे पाहावेच. “भावाच्या खात्यातून पाठवतो” म्हणाला, तर भावालाच बोलवा म्हणावे.

चौथा प्रकार नाण्यांचा. कोकणातल्या देवघरात एखादी शिवराई किंवा राणीछाप रुपया निघतोच. पण लाखो रुपयांची स्वप्ने दाखवली जातात ती वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्यावर आणि ट्रॅक्टर छापलेल्या पाचच्या नोटेवर. आमच्या ओळखीच्या, रेवदंड्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडे अशा नोटेला साडेतीन लाखांचे गिऱ्हाईक आले. आधी नोंदणीचे साडेसातशे, मग ‘जीएसटी’चे चार हजार, मग ‘रिझर्व्ह बँकेच्या ना-हरकत दाखल्या’चे अकरा हजार. दाखल्यावर रिझर्व्ह बँकेचे चिन्हही होते. गुरुजी तिसऱ्या हप्त्याला जागे झाले. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगितले आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती नाही, कसलेही शुल्क किंवा दलाली ती मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणाला दिलेलाही नाही. विकणाऱ्याकडे आगाऊ पैसे मागणारे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईकच नव्हे, हे गुरुजींनी आता फळ्यावर लिहावे तसे दारामागे लिहून ठेवले आहे.

परदेशी गिऱ्हाईकाचा मोहही इथेच निकालात काढतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा पणजोबांच्या समईसाठी लंडनहून कुणी डॉलर देऊ केले आणि ‘निर्यात परवान्या’ची फी मागितली, तर फोन ठेवावा.

आपली जी मुले परदेशात आहेत, त्यांची कथा निराळी. तिथे मधला माणूस आहे, पण तो पुष्कळदा खरेदीदाराकडे झुकतो. ईबेने तर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट शेरा देण्याची सोयच काढून टाकली. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतणीने एका संकेतस्थळावर कॅमेरा विकला. घेणाऱ्याने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवला. खोक्यात निघाला तोच नमुना, पण मोडका, भलत्याच क्रमांकाचा. पैसे त्याला परत मिळाले. आता ती प्रत्येक वस्तूचा क्रमांक दिसेल असा फोटो काढते, खोके बंद करतानाचे चित्रण ठेवते, नोंदवलेल्या पत्त्यावरच पाठवते, विमा उतरवते आणि पोच घेताना सही हवी अशी अट घालते. बँकेत आम्ही पुडीवर लाख लावून शिक्का मारीत असू, त्यातलाच हा प्रकार.

मग जुनी वस्तू विकूच नये का? जरूर विकावी. पण गिऱ्हाइकाला घरी बोलवावे आणि घरात दोन-चार माणसे असावीत. दागिना असेल तर घरी नकोच. त्याचे वजन आणि कस आधी आपल्या सोनाराकडून करून घ्यावा आणि सौदा बँकेच्या शाखेत, दिवसाउजेडी करावा. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, हेही ध्यानात असावे. आपला खाते क्रमांक द्यावा, पैसे येऊ द्यावेत, खाते पाहावे, मग वस्तू हलू द्यावी. घाई करणाऱ्याला सरळ सांगावे, की आम्हाला घाई नाही.

आणि तरीही फसलोच तर? तर पहिल्या मिनिटाला १९३० फिरवावा. हा केंद्रीय गृहखात्याचा मदत क्रमांक आहे. तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत फिरले तिथे ते थांबवण्याची खटपट सुरू होते. भामटा पैसे काढून घेईपर्यंतच ही खटपट कामाची, म्हणून पहिला तास लाखमोलाचा. त्यानंतर बँकेला लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारात त्याला बरेच संरक्षण दिले, पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झाले तर तो बँकेला कळवेपर्यंतचा भार त्याच्यावरच ठेवला. पिन आपण स्वतः टाकला, म्हणजे बँकेच्या दप्तरी तो आपलाच व्यवहार. म्हणून कळवण्याची घाई. आमच्या घरात मी शनिवारची दुपार, अख्खा रविवार आणि सोमवारची सकाळ वाया घालवली, आणि ती भामट्यामुळे नव्हे, माझ्या अब्रूच्या कल्पनेमुळे.

१ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे कलम ४२० राहिले नाही. नव्या न्याय संहितेत ते ३१८ झाले. चारसोवीस माणसांनी काही नाव बदललेले नाही.

झोपाळा शेवटी २०२३ च्या मे महिन्यात गेला. पनवेलचे एक जोडपे आले. दोघांनी आळीपाळीने बसून पाहिले. कडी कुरकुरते म्हणाले, पाटाला चीर आहे म्हणाले, अडतीसवरून थेट अठ्ठावीसवर आले. मला राग यायला लागला होता, पण वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “भावजी, हा खरा. भाव पाडतोय.” साडेतेहतीसला सौदा झाला. पैसे त्या गृहस्थांच्याच खात्यातून आले. संदेश आल्यावर ते उठू लागले, तेव्हा वहिनींनी त्यांना पुन्हा बसवले, आणखी चहा टाकला आणि मला म्हणाल्या, “संदेश नको. खातं बघा.” मी पाहिले. मगच कड्या उतरल्या.

फसल्याची गोष्ट वहिनी आता भजनी मंडळात स्वतः सांगतात; मला झालेली लाजही त्यात मीठमसाल्यासकट येते. सुरुवातीला मी अवघडत असे. मग गेल्या वर्षी त्यांतल्याच एकीला, मुलीची जुनी शिलाई मशीन विकताना, एका अदबशीर साहेबाचा फोन आला. भाव न करता घेतो म्हणाला. तिने लगेच फोन ठेवला आणि वहिनींकडे येऊन सांगितले. तेव्हापासून वहिनी ती गोष्ट सांगू लागल्या, की मी आतल्या खोलीत जात नाही.